ठाणे-नवी मुंबईत एसीच्या कॉइलवर बर्फ जमतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेर ३० अंश आणि चिकचिक घाम. अशा हवेत एसीच्या आत बर्फ येतो कुठून?

इनडोअर युनिटमधल्या कॉइलच्या तांब्याच्या नळ्यांत गॅस (रेफ्रिजरंट, द्रवरूपात आत येतो) कमी दाबाखाली उकळत असतो आणि उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. एसी ठीक असेल तर कॉइल साधारण ५ ते १२ अंशांवर राहते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांच्या पृष्ठभागावरही तिचं पाणी होतं. त्यामुळे कॉइल कायम ओली असते. दीड टनाचा एसी दमट दिवशी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो आणि ते ड्रेन पाइपमधून बाहेर जातं.

कॉइल शून्याच्या खाली गेली की हेच पाणी वाहून न जाता नळ्यांभोवतीच्या पातळ पत्र्यांवर गोठतं. दोन पत्र्यांमधली फट जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटरची असते, ती बर्फाने बुजायला वेळ लागत नाही. फट बुजली की हवा कमी जाते, हवा कमी गेली की कॉइलला उष्णता कमी मिळते, ती आणखी थंड होते आणि बर्फ आणखी वाढतो. म्हणून संध्याकाळी किंचित पांढरं दिसणारं दंव पहाटेपर्यंत पूर्ण कॉइल झाकतं.

कॉइल शून्याखाली जाण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर कॉइलवरून हवा कमी जातेय, नाही तर सिस्टिममध्ये गॅस कमी आहे. खालची बहुतेक उत्तरं या दोन कारणांना वेगळं कसं ओळखायचं याबद्दलच आहेत. पैसे वाया जातात ते इथल्या गल्लतीमुळे.

बर्फ दिसला. आत्ता, या क्षणी काय करायचं?

रिमोटवर कूल मोड बंद करून फॅन मोड लावा आणि पंखा सर्वांत जास्त वेगावर ठेवा. कंप्रेसर थांबतो, खोलीची हवा बर्फावरून फिरते. पातळ थर अर्ध्या तासात सुटतो, जाड थराला दोन-तीन तास लागतात. मध्येच "आता झालं असेल" म्हणून कूल मोड लावू नका. आतल्या बाजूला राहिलेल्या बर्फावर नवा बर्फ पटकन चढतो.

खाली बादली किंवा जुनी चादर ठेवा. वितळणारं पाणी एकदम येतं, ट्रेमध्ये मावत नाही आणि भिंतीवरून ओघळतं. पलंग खाली असेल तर आधी गादी सरकवा. वितळताना कटकट आवाज येतो आणि ब्लोअरमधून बर्फाचे बारीक तुकडे उडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, कालथा यांपैकी काहीही कॉइलला लावू नका. पत्रे ॲल्युमिनिअमचे असतात, नखानेही वाकतात, आणि त्यांच्यामागच्या नळीला टोक लागलं तर सगळा गॅस जातो. गरम पाणी ओतायचं नाही, कारण बाजूलाच पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) आणि मोटर असते. हेअर ड्रायरचीही गरज नाही.

बर्फ असताना एसी तसाच चालू ठेवणं सर्वांत महागात पडतं. न उकळलेला द्रव गॅस जाड पाइपमधून परत कंप्रेसरमध्ये जातो. कंप्रेसर वायू दाबण्यासाठी बनलेला असतो. द्रव दाबला जात नाही, शिवाय तो आतलं तेल पातळ करतो. अशा दहा-बारा रात्रींनी चांगला कंप्रेसर खराब होऊ शकतो.

मेकॅनिक यायच्या आधी घरच्या घरी कारण ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. बर्फ वितळवण्यापूर्वी त्याच्याकडे नीट बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मेन स्विच बंद करून समोरचं झाकण उचला, फिल्टर काढा आणि टॉर्च तिरका मारा.

संपूर्ण कॉइलवर एकसारखा थर दिसतोय, वरपासून खालपर्यंत, थोडा काचेसारखा? तर हवा कमी असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी बाहेरचा जाड पाइपही खूप गार लागतो आणि कधीकधी आउटडोअरच्या जाड व्हॉल्व्हपर्यंत पांढरा होतो.

कॉइलचा एकच भाग पांढरा, भुसभुशीत, बोटाने खरवडता येईल असा, आणि बाकीची कॉइल कोरडी, जवळपास खोलीइतकीच गरम? मग गॅस कमी आहे. नळ्यांमध्ये जिथे गॅस शिरतो तिथल्या थोड्या लांबीतच तो उकळून संपतो. तेवढाच तुकडा गोठतो आणि पुढच्या कॉइलला काम उरत नाही.

दुसरी खूण आउटडोअरवर मिळते, पण ती गॅलरीतून सहज दिसत असेल तरच बघा. सज्जावर उतरून बघायचं नाही. दोन व्हॉल्व्हपैकी बारीक व्हॉल्व्ह आणि बारीक पाइप बर्फाने पांढरा झाला असेल तर गॅस कमी असल्याची ती जवळपास खात्रीची खूण आहे. स्प्लिट एसीत गॅसचा दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो. त्यामुळे बारीक पाइपमधून आत येणारा गॅस आधीच कमी दाबाचा असतो. गॅस घटला की हा पाइप सर्वांत आधी शून्याखाली जातो.

यानंतरची चाचणी अशी: बर्फ पूर्ण वितळवा, फिल्टर धुऊन सावलीत वाळवून बसवा, एसी २४ अंशांवर आणि पंखा हाय वर ठेवून तासभर चालवा, पुन्हा टॉर्च मारा. बर्फ आला नाही तर फिल्टरच दोषी होता. हवा जोरात येतेय आणि तरी एका कोपऱ्यात दंव दिसतंय, तर मेकॅनिकला "सर्व्हिसिंग" नको, "लीक टेस्ट" हवी असं फोनवरच सांगा.

गॅस कमी झाला तर थंडावा कमी व्हायला हवा. बर्फ उलट वाढतो कसा?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. खोलीतला थंडावा कमीच होतो, पण कॉइलचा एक तुकडा मात्र जास्त थंड होतो. गॅस कोणत्या तापमानाला उकळणार हे त्याच्या दाबावर ठरतं. माथेरानला पाणी ठाण्यापेक्षा थोड्या कमी तापमानाला उकळतं, तसंच. सिस्टिममध्ये गॅस घटला की कॉइलमधला दाब उतरतो आणि उकळण्याचं तापमान ८-१० अंशांवरून उणे ३, उणे ५ पर्यंत घसरतं. गॅस आणखी कमी झाला तर शेवटी बर्फ होण्याइतकंही काम होत नाही आणि नुसती गार नसलेली हवा येते. म्हणजे बर्फ ही अर्धवट गळतीची अवस्था आहे. तेव्हाच पकडलं तर दुरुस्ती सोपी जाते.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो, तरी हवा कमी. मग?

फिल्टरच्या मागे पाहायचं. हवा ढकलणारा लांब गोल ब्लोअर फिल्टरच्या आत असतो आणि त्याच्या पात्यांच्या खोबणीत काळा, चिकट मळ साचतो. पाती सपाट झाली की ब्लोअर फिरतो, आवाजही येतो, पण हवा ढकलत नाही. खालच्या फटीतून टॉर्च मारून पात्यांच्या कडा बघा. केसाळ काळी किनार दिसली तर फिल्टर कितीही धुवा, उपयोग नाही.

मळ कुठून येतो ते घरावर अवलंबून आहे. घोडबंदर रोडला मेट्रो ४ आणि इमारतींच्या बांधकामाची सिमेंटची धूळ, खारघर-तळोजा-उलव्याकडेही तीच गत. एकाच खोलीत देवघर आणि एसी असेल तर उदबत्ती-कापराचा धूर, रात्री मच्छर अगरबत्तीचा धूर, उघडं किचन असेल तर फोडणीचं तेल. धूळ एकटी असती तर झटकली गेली असती. तेलकट धुरामुळे ती चिकटून बसते.

यासाठी जेट पंपाची सर्व्हिस लागते: पीसीबी आणि मोटर प्लास्टिकने झाकून, खाली पाणी पकडणारी पिशवी बांधून, कॉइल आणि ब्लोअर दोन्हींवर पाणी. नुसती कॉइल धुऊन ब्लोअर तसाच सोडला तर अर्धंच काम झालं, हे आवर्जून तपासा. वर्षातून दोनदा पुरे: एकदा मार्चमध्ये, एकदा पावसाळा संपल्यावर.

ब्लोअरही स्वच्छ असेल तर मोटर. जुन्या एसीत फॅनचा छोटा कपॅसिटर उतरला की पंखा मंद फिरतो. तो बदलायला दहा मिनिटं लागतात.

"एसीत दरवर्षी थोडा गॅस भरावाच लागतो" असं सांगतात. खरं आहे का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. सिस्टिम बंद आहे, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे किंवा नट सैल आहे. भोक न शोधता टॉप-अप करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. गळती बारीक असेल तर उन्हाळा निघून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा बर्फ, पुन्हा बिल. तीन वर्षांच्या टॉप-अपच्या पैशांत एक नीट दुरुस्ती नक्की बसते.

नीट दुरुस्तीचा क्रम असा असतो. उरलेला गॅस काढून घ्यायचा. सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन साधारण ३०० ते ४०० पीएसआय (दाबाचं एकक) पर्यंत भरून सर्व सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि गेजचा म्हणजे दाबमापकाचा काटा थोडा वेळ स्थिर राहतो का पाहायचं. गळती सापडली की ती दुरुस्त करून पुन्हा दाब धरायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम मोजणारं मीटर) असेल तर ५०० च्या खाली. शेवटी आउटडोअरच्या पाटीवर ग्रॅममध्ये छापलेलं वजन काट्यावर मोजून भरायचं. पाइप ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर कंपनी दर मीटरला किती ग्रॅम जादा ते सांगते.

वजनकाटा न आणता गॅस भरणारा माणूस अंदाजाने काम करतोय. एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसपैकी आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण असल्याने ते द्रवरूपातच भरावं लागतं. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, ते चांगलंच ज्वलनशील. सिस्टिममध्ये गॅस असताना ब्रेझिंगचा (नळी तापवून सांधा जोडण्याचा) टॉर्च पेटवू देऊ नका.

गळती नेमकी कुठे होते? खाडीकाठच्या घरांत जास्त का?

सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे फ्लेअर नट (नळीचं रुंद केलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारे नट): दोन आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर, दोन इनडोअरच्या मागे. सांध्यावर तेलाचा चिकट डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर तिथूनच गॅस जातोय, कारण गॅससोबत कंप्रेसरचं तेलही पाझरतं.

दुसरी जागा इनडोअर कॉइल. वाशी, ऐरोली, बेलापूर, ठाणे पूर्वेला कोपरी या पट्ट्यात खाडीची खारी हवा आणि भरती-ओहोटीच्या चिखलातून येणारा कुजक्या अंड्यांसारखा वास नेहमीचा आहे. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो तांबं काळं पाडतो. मोठ्या उघड्या नाल्याशेजारीही तेच. घरातले फिनेलसारखे क्लीनर, रंग, नव्या फर्निचरचा गोंद यांच्या वाफांतून तयार होणारी आम्लंही ओल्या तांब्याला आतून पोखरतात. मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी, डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. एका जागी ब्रेझिंग केलं तर सहा महिन्यांत शेजारी दुसरं निघतं. अशा वेळी कॉइल बदलणंच योग्य. नवा एसी घेताना कॉइलच्या वॉरंटीत गंजाचा समावेश आहे का ते लेखी बघा.

मेकॅनिकने गेज लावला. कोणत्या आकड्यावर बर्फ होतो?

कॉइल शून्य अंशावर असताना जाड पाइपच्या सर्व्हिस पोर्टवरचा दाब साधारण इतका दिसतो: आर-३२ ला १०३ पीएसआय, आर-४१०ए ला १०१, जुन्या आर-२२ ला ५८ आणि आर-२९० ला ५४. काटा याच्या खाली स्थिरावला तर बर्फ होणारच.

पण इथेच मोठी चूक होते. हवा कमी असली तरीही हाच काटा खाली येतो. तुंबलेल्या फिल्टरवर गेज लावून "गॅस कमी आहे" म्हणत गॅस ओतला, तर काटा वर येतो, बर्फ तात्पुरता थांबतो, आणि फिल्टर धुतल्यावर सिस्टिममध्ये गॅस जास्त झालेला असतो. म्हणून आधी फिल्टर-ब्लोअर स्वच्छ, पंखा हाय वर, मगच गेज. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरचा वेग बदलत असतो, त्यामुळे टेस्ट मोडमध्ये पूर्ण वेगावर घेतलेलंच रीडिंग धरायचं.

रात्री १८ वर आणि पंखा लो वर ठेवला की पहाटे बर्फ असतो. दिवसा काहीच नाही. का?

पावसाळ्याच्या रात्री किंवा डिसेंबर-जानेवारीत बाहेरची हवाच गार असते. आउटडोअर सहज थंड होतं, तिथला दाब उतरतो आणि त्यासोबत आतल्या कॉइलचाही. खोलीही आधीच २०-२१ अंशांवर आलेली असते, म्हणजे कॉइलला मिळणारी उष्णता कमी. त्यात पंखा लो. धडधाकट एसीलाही या तीन गोष्टी एकत्र आल्या की बर्फ होऊ शकतो. गॅस किंचित कमी असेल तर होतोच.

२४-२५ वर ठेवा, पंखा मीडियम किंवा ऑटो, आणि गरज वाटली तर छताचा पंखा एकवर. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) नियमाने १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचं सुरुवातीचं सेटिंग २४ अंशच असतं. सेटिंग १८ केल्याने हवा जास्त गार येत नाही, फक्त कंप्रेसर थांबायचं विसरतो.

बर्फ होऊ नये म्हणून एसीत काही सोय नसते का?

असते. कॉइलच्या नळीवर तांब्याच्या छोट्या खोबणीत एक सेन्सर खोचलेला असतो. कॉइल शून्याच्या आसपास गेली की पीसीबी काही मिनिटांत कंप्रेसर थांबवतो आणि पंखा चालू ठेवतो. इन्व्हर्टरमध्ये आधी वेग उतरतो. सर्व्हिसच्या वेळी हा सेन्सर ओढला जाऊन खोबणीबाहेर लोंबकळत राहिला तर त्याला खोलीचं तापमान दिसतं आणि संरक्षण संपतं. धुलाईनंतर आठवड्यातच पहिल्यांदा बर्फ आला असेल तर आधी हेच बघायला सांगा. एक पैसा न लागणारी दुरुस्ती आहे.

माझ्या एसीच्या पुस्तिकेत लिहिलंय की तो स्वच्छतेसाठी मुद्दाम बर्फ करतो. हे ठीक आहे?

ठीक आहे. काही मॉडेल कॉइलवर मुद्दाम दंव आणतात आणि मग वितळवून मळ धुऊन टाकतात. ते बटण दाबल्यावरच किंवा ठरल्या वेळी होतं आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात आपोआप संपतं. ब्लोअरचा चिकट मळ मात्र त्याने निघत नाही.

जाड पाइपवर पाण्याचे थेंब दिसतात. तोही बर्फच का?

नाही, तो घाम. आपल्या हवेत गार पाइपला घाम सुटणारच. काळा फोम फाटला असेल तिथे नवा चढवा, नाही तर फॉल्स सीलिंगवर डाग पडतात.

निफाडच्या घरी किंवा हिमाचलमध्ये हॉट अँड कोल्ड एसी लावलाय. तिथे आउटडोअरवर बर्फ येतो आणि मध्येच गरम हवा बंद होते. बिघाड आहे?

बहुतेक वेळा नाही. हीटिंगमध्ये सगळं उलटं होतं: आउटडोअर कॉइल थंड होऊन बाहेरच्या हवेतून उष्णता ओढते. त्यासाठी ती हवेपेक्षा काही अंशांनी थंड असावीच लागते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थर्मामीटर शून्याच्या वर असतानाही गाड्यांच्या टपांवर दंव गोठतं, कारण टप हवेपेक्षा थंड झालेला असतो. आउटडोअरचंही तसंच. निफाडला थंडीत पारा ४-५ अंशांवर येतो तेव्हा कॉइल शून्याखाली असते आणि त्यावर दंव धरतं. सर्वांत जास्त दंव शून्याच्या आसपासच्या दमट हवेत येतं. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हवेत ओलच कमी असल्याने ते उलट घटतं.

युनिट ते स्वतः वितळवतं, यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. फोर-वे व्हॉल्व्ह फुस्स असा आवाज करून दिशा फिरवतो, दोन्ही पंखे थांबतात आणि कंप्रेसरचा गरम गॅस आउटडोअर कॉइलमध्ये जातो. २ ते १० मिनिटांत दंव पाणी होऊन पडतं, वर वाफ उठते. तिला धूर समजून अनेकजण मेन स्विच पाडतात, तसं करू नका. कॉइल पुरेशी गरम झाल्याचं सेन्सरने सांगितलं की हीटिंग परत सुरू होतं. थंडीप्रमाणे हे अर्ध्या तासापासून दीड तासाच्या अंतराने घडू शकतं.

काळजी करायची ती वेगळ्या चित्रात: डीफ्रॉस्ट झाल्यावरही खालचा एक-तृतीयांश भाग गोठलेलाच राहतो, दर दहा-पंधरा मिनिटांनी डीफ्रॉस्ट होतो, किंवा युनिटखाली बर्फाचा ढीग वाढतो. कारणं तीच जुनी, कॉइलवर मळ किंवा गॅस कमी, शिवाय आउटडोअरचा सेन्सर. पाणी जायला जागा हवी म्हणून युनिट जमिनीपासून वीतभर तरी उंच स्टँडवर ठेवा. जिथे पारा शून्याखाली जातो तिथे खालच्या भोकाला ड्रेन पाइप जोडू नका, तो गोठून तुंबतो.

सोसायटीच्या गच्चीवर गरम पाण्याचा हीट पंप आहे. जानेवारीत त्यावर बर्फ येईल का?

यायला नको. ठाण्यात पहाटे १६ अंश असले तरी त्याची कॉइल शून्याच्या बरीच वर राहते. फक्त पाणी ठिबकतं. इथे त्यावर बर्फ दिसला तर थंडीला दोष देऊ नका, कॉइल धुवा आणि गॅस तपासा.

भाड्याचं घर आहे, अकरा महिन्यांनी एसी हलवावा लागतो. हलवला की पुढच्या उन्हाळ्यात बर्फ. हे टाळायचं कसं?

बहुतेक गॅस हलवतानाच जातो. काढण्यापूर्वी पंप-डाउन (गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेणं) झालंच पाहिजे: एसी कूलवर चालू, एलन कीने आधी बारीक व्हॉल्व्ह बंद, अर्धा-एक मिनिटाने जाड पाइपचा दाब शून्याजवळ आला की जाड व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच एसी बंद. गॅस आउटडोअरमध्ये साठतो. उघड्या नळ्यांना आणि व्हॉल्व्हना टोपण किंवा टेप लावा, नाही तर प्रवासात ओल आत शिरते. ती ओल नंतर कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते. एसी थोडा वेळ गार करतो, थांबतो, बंद करून लावला की पुन्हा चालतो.

नव्या घरी जुनेच फ्लेअर वापरू देऊ नका. नळीचं टोक कापून नवं फ्लेअर करायला पाच मिनिटं लागतात. नट हाताने बसवून मग दोन पान्यांनी आवळायचा. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात, जास्त ताकद लावली तर फ्लेअर चिरतं. त्यानंतर व्हॅक्यूम पंप किमान २० मिनिटं. एसीतलाच थोडा गॅस सोडून "हवा बाहेर काढली" असं कुणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा: गॅसही गेला आणि ओलही आत राहिली. व्हॉल्व्ह उघडल्यावर चारही नटांना साबणाचा फेस लावून दोन मिनिटं टॉर्चच्या उजेडात बघा. एकही बुडबुडा वाढताना दिसला नाही, तरच मेकॅनिकला पैसे द्या.